काळ्या रानात लाल दिसत नाही

आखाजी, म्हणजे आमच्या खान्देशातली अक्षय्य तृतीया, होऊन आठवडा झाला असेल. झोका अजून निंबाला टांगलेला होता, मांड्यांचं खापर धुऊन ओट्याच्या कोपऱ्यात पालथं घातलं होतं, आणि ऊन असं की दुपारी दाराची कडी हाताला चटका देत होती. जिजी संडास धुवायला गेली ती दोन मिनिटांत ओरडतच बाहेर आली. गोट्यानं गुटखा खाऊन भांड्यात पिचकारी मारली, असा तिचा ठाम समज झाला होता. (गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे. आमच्या फाट्यावर तो फळीच्या वरून मिळायचा, आता फळीच्या खालून मिळतो.) गोट्या अकरावीतला पोरगा, शपथा घेत होता, जीभ बाहेर काढून दाखवत होता. जिजीनं काही ऐकलं नाही. केरसुणीचे दोन फटके त्याच्या पाठीत बसले. त्याची आई पलीकडे गहू निवडत होती, तिनंही सासूचीच री ओढली. नाना ओट्यावर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही. जरा वेळानं उठले, हौदातून बादली भरली आणि स्वतः जाऊन संडासात ओतून आले. नानांनी असलं काम केलेलं त्या घरात कुणी कधी पाहिलं नव्हतं, आणि तरी कुणाला काही वेगळं वाटलं नाही.

मी सुट्टीला गावी आले होते, म्हणून हे सगळं माझ्यासमोर घडलं. पुढे नाशिकच्या डॉक्टरांनी “पहिल्यांदा लघवी लाल कधी दिसली?” असं विचारलं, तेव्हा नानांनी आखाजीनंतरची ती दुपार सांगितली आणि माझ्या डोळ्यांपुढे गोट्याची बाहेर काढलेली जीभ आली. पोराला आपल्यापायी मार बसतोय हे त्या माणसाला कळत होतं. मग तो गप्प का बसला? ही गोष्ट कितीतरी दिवस माझ्या मनातून जाईना.

“पहिल्यांदा” हा शब्दसुद्धा तसा फसवाच. नानांच्या घरी संडास बांधून काही फार वर्षं झाली नाहीत. अनुदान आलं, पांढऱ्या फरशीची खोली झाली, भांडं बसलं, तरी नानांची सकाळ रानातच व्हायची. सुरुवातीला त्या खोलीत कांद्याच्या गोण्या होत्या. गुडघे दुखायला लागले आणि मगच ते घरातल्या संडासात जायला लागले. त्याआधी सत्तर वर्षं बांधावर, बाभळीआड, कपाशीच्या सऱ्यांत. आमची जमीन काळी, कसदार, उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी. तिच्यावर काहीही सांडलं तरी ती क्षणात पिऊन टाकते आणि वर फक्त एक ओला डाग राहतो. त्या डागाचा रंग पाहून काही कळेल, असं तिथं नाहीच. पांढऱ्या भांड्यात जे एका दुपारी दिसलं, ते काळ्या रानात किती दिवस, किती महिने मुरत होतं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

लघवीचं काहीही झालं की आमच्याकडे एकच निदान होतं, ते म्हणजे मुतखडा. डॉक्टरकडे जायच्या आधीच ते गल्लीत होऊन गेलेलं असतं. खान्देशात उन्हाळा म्हणजे पारा चव्वेचाळीसच्या पुढे, अंगावरचा सदरा वाळून पांढऱ्या मिठाच्या रेघा उमटलेल्या, आणि शेतात नेलेली पाण्याची बाटली दहा वाजताच संपलेली. लोक बोअरच्या जड पाण्याला दोष देतात, डाळ शिजत नाही आणि पातेल्याला पांढरा थर धरतो म्हणून. डॉक्टर म्हणतात, पाण्यापेक्षा पाणी न पिणं जास्त नडतं. काही असो, प्रत्येक घरात एकाला तरी खडा होऊन गेलेला असतो आणि प्रत्येकाकडे त्याचा उपाय असतो. कुणी पानफुटीची पानं उपाशीपोटी चावायला सांगतं, कुणी कुळथाचं कढण, कुणी मक्याच्या कणसाचे केस उकळून. पोरं बीअर सुचवतात आणि त्या निमित्तानं स्वतःही पितात. पडलेला खडा काडेपेटीत जपून ठेवणारा माणूस मी पाहिला आहे. पाहुणे आले की तो पेटी उघडून दाखवायचा, जोंधळ्याच्या दाण्याएवढा, काटेरी, तपकिरी खडा. आणि मग त्या रात्रीची गोष्ट. आपण जमिनीवर कसे लोळलो, उलट्या कशा झाल्या, बैलगाडीत घालून कसं नेलं. ऐकणारे माना डोलवायचे. त्या दुखण्याला गावात एक प्रकारचा मान होता.

नानांचं दुखतच नव्हतं.

लाल दोन दिवस दिसली, मग आपोआप स्वच्छ झाली. नानांनी मनातल्या मनात हिशेब लावला की टरबूज जास्त खाल्लं. तापीच्या वाळूतली टरबुजं त्या दिवसांत घरोघर असतात, त्यामुळे हिशेब अगदीच वेडा नव्हता. महिन्याभरानं पुन्हा लाल झाली, पुन्हा गेली. अखेर जिजीनंच पकडलं. धुण्याच्या दगडावर लेंगा घासताना तिला डाग दिसला आणि गोट्याला उगाच मारलं हे तिच्या लख्ख लक्षात आलं. तिनं मला फोन केला. मी नानांशी बोलले तर ते म्हणाले, “काय व माय, दुखत नई ते दवाखानामा कसाले जावानं?” या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या घरात कुणीही, मीसुद्धा, दुखल्याशिवाय दवाखान्यात जात नाही. दाढ ठणकली तर जातो, हलायला लागली तर नाही. ठणका म्हणजे शरीरानं घातलेली सही, ती नसेल तर अर्ज मंजूर होत नाही.

पण खडा दुखतो आणि नानांच्यातलं ते दुखलं नाही, यामागचं कारण मला नंतर डॉक्टरांकडून समजलं, आणि ते फारच साधं आहे. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत येणारी नळी म्हणजे मूत्रनलिका साधारण पंचवीस सेंटिमीटर लांब असते आणि आतून जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद. लघवी तिच्यातून नुसती ओघळत येत नाही. नळीची भिंत स्नायूची असते, ती मिनिटातून काही वेळा आकसते आणि थोडी थोडी लघवी खाली ढकलते. अचानक खडा येऊन बसला की वाट बंद होते, मागे दाब चढतो, नळी जीव खाऊन आकसत राहते, आणि माणूस जमिनीवर लोळतो. नानांची मात्र गाठ होती, आणि गाठ हळूहळू वाढते. वाट रोज केसभर अरुंद होत जाते, आणि वरची नळी, वरचं मूत्रपिंड हळूहळू फुगत त्या अडचणीची सवय करून घेतं. अडथळा तोच, पण सावकाश आलेला, म्हणून ओरड नाही. अशा गाठीचं सगळ्यांत नेहमीचं लक्षण लघवीतून रक्त जाणं हेच आहे, दहातल्या सात-आठ जणांत ते दिसतं. कुशीत दुखणं पाचातल्या एखाद्याला. आणि ते रक्त थांबतंही. थांबलं की माणूस बरा झाल्यासारखा कामाला लागतो.

आधी धुळ्याला सोनोग्राफी केली. रिपोर्टमध्ये उजवं मूत्रपिंड सुजलेलं, खडा दिसत नाही, आणि पुढे एक ओळ होती की आतड्यातल्या वायूमुळे मूत्रनलिकेचा मधला व खालचा भाग नीट पाहता आला नाही. यात कुणाची चूक म्हणता येत नाही, सोनोग्राफीत ती नळी बहुतेकदा अशीच लपते. पण गोट्यानं ती ओळ मराठीत वाचून दाखवली आणि नानांनी त्यातला एकच शब्द उचलला. वायू! मग काय, लिंबू-सोडा सुरू झाला, वाल आणि बटाटा बंद झाला, जेवणानंतर ओवा. सगळ्या गावाला सांगून झालं की रिपोर्टमध्ये गॅस निघाला. मला हसू येत होतं आणि पोटात खड्डाही पडत होता. नको ते गमतीचं वाटायला लागतं अशा दिवसांत.

नाशिकच्या युरॉलॉजिस्टनं सीटी युरोग्राफी सांगितली. शिरेतून औषध सोडतात, ते मूत्रपिंडातून गाळून खाली उतरतं, आणि उतरताना त्याचे फोटो काढतात. डॉक्टरांनी आम्हाला पडद्यावर ते दाखवलं. डावीकडे पांढरी बारीक रेघ वरून खालपर्यंत सरळ आलेली. उजवीकडे रेघ जाड, नागमोडी, फुगलेली, आणि मूत्राशयाच्या अगदी तोंडाशी येऊन एक अर्धगोल खाच. तेवढ्या जागेत औषध भरलं नव्हतं, कारण तिथं दुसरं काही तरी होतं. डॉक्टर पेनाच्या टोकानं त्या खाचेवर गोल करत म्हणाले, “जागा अगदी नेहमीची आहे.” या नळीतल्या गाठींपैकी सुमारे सत्तर टक्के खालच्या तिसऱ्या हिश्शात होतात, पंचवीस टक्के मधल्या भागात, आणि वरच्या भागात फक्त पाचेक टक्के. मुळात हा आजारच विरळा. ज्या अस्तराचा हा कॅन्सर, ते अस्तर मूत्रपिंडाच्या आतल्या पोकळीपासून मूत्राशयापर्यंत सलग एकच आहे. त्याच्या शंभर कॅन्सरांमधले नव्वद-पंच्याण्णव मूत्राशयात होतात, उरलेले पाच-दहा वर. त्या वरच्यांतही मूत्रपिंडाच्या पोकळीत जितके होतात त्याच्या निम्मे नळीत. म्हणजे नानांना झालं ते फार थोड्यांना होतं, पण ज्यांना होतं त्यांना बहुधा याच ठिकाणी होतं.

नाना इतका वेळ पडद्याकडे टक लावून बघत होते. मला वाटलं घाबरले. ते म्हणाले, “गाळ शेवटलेच बसस ना, डाक्टर.”

हे वाक्य कुठून आलं ते मला माहीत होतं, डॉक्टरांना नव्हतं. आमचं गाव पांझरेच्या काठचं, फडाचं. नदीवर जुना दगडी बंधारा, त्याच्यातून निघालेला पाट, पाटाच्या चाऱ्या, आणि त्या चाऱ्यांवर भिजणारे शेतांचे तुकडे, म्हणजे फड. तीन-चारशे वर्षांची ही पद्धत, गावानं गावासाठी चालवलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि पाणी आपलं आपण धरायचं नाही. ते पाटकरीच देणार. नानांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, पाटकरी होते. पावसाळ्याआधी सगळं गाव पाट साफ करायला उतरायचं. नाना लहान असताना त्यांना कायम शेवटच्या टोकाला पाठवायचे, कारण तिथं गाळ जास्त आणि मोठ्या माणसांना तिथं जायचा कंटाळा. गुडघाभर चिखल, त्यात जळवा, बेशरमाच्या मुळ्या, एखादी चप्पल. पाणी वरून जोरात येतं, पुढे पुढे त्याचा जोर मरतो, आणि जे काही सोबत आणलेलं असतं ते शेवटी टाकून देतं. हे त्यांच्या अंगात इतकं भिनलेलं की डॉक्टरांनी नळीचं शेवटचं टोक दाखवल्याबरोबर त्यांना त्यात काही नवल वाटलं नाही.

डॉक्टर चांगले होते. हसले नाहीत. म्हणाले, “बाबा, हा बाहेरून आलेला गाळ नाही, ही नळीची स्वतःची कातडी बिघडली आहे. पण शेवटालाच जास्त का, याबद्दल जे दोन विचार आहेत त्यातला एक तुमच्यासारखाच आहे.” वर कुठे तरी बिघडलेल्या पेशी सुटतात, लघवीबरोबर खाली येतात आणि खालच्या भागात रुजतात, हा एक विचार. दुसरा असा की लघवीत उतरणारी विषारी द्रव्यं त्या सबंध अस्तराला वर्षानुवर्षं भिजवत असतात, त्यामुळे ते एकाच वेळी ठिकठिकाणी बिघडण्याच्या बेतात असतं, आणि मग एका जागी आधी फुटतं. दोन्ही थोडे थोडे खरे असावेत. मला पहिला पटायला सोपा वाटला आणि दुसऱ्यानं झोप उडवली. पहिल्यात निदान काढून टाकायला काही तरी आहे. दुसऱ्यात सगळा पाटच संशयित.

मग प्रश्न आले. बिडी? नानांनी बोटं पसरून दाखवली, दिवसाला एक बंडल, मिसरूड फुटलं तेव्हापासून. सोडून किती दिवस झाले? यावर जिजी हसली. धुराचा संबंध फुप्फुसाशी, एवढं गावातही सगळ्यांना ठाऊक असतं. पण धुरातली विषं रक्तात जातात, मूत्रपिंड ती गाळून लघवीत उतरवतं, आणि बाहेर पडेपर्यंत ती या अस्तराला लागून असतात, हे कुणी सांगितलेलं नसतं. बिडीच्या पाकिटावर घशाचं चित्र असायचं, त्यामुळे ज्याचा घसा ठीक तो निर्धास्त. त्यानंतर डॉक्टरांनी विचारलं की घरात कुणाला आतड्याचा, गर्भाशयाचा कॅन्सर होता का, कारण काही घराण्यांत तसा दोष वारशानं येतो आणि त्यात ही नळीही सापडते. आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. आजी “पोट फुगून” गेली, मोठी आत्या “वाळून वाळून” गेली. आमच्याकडे माणसं अशीच जातात, कशानं गेली ते कुणी लिहून ठेवत नाही.

तिसरा प्रश्न जडीबुटीचा होता, आणि तो मला सगळ्यांत जास्त लागला. नानांनी बाजारच्या दिवशी झाडाखाली बसणाऱ्या बाईकडून खड्याची म्हणून कसली तरी भुकटी घेतली होती. त्या भुकटीत काय होतं ते कळायचा मार्ग नाही आणि नानांची गाठ तिनं झाली असं कुणी म्हटलं नाही. इतक्या थोड्या दिवसांत गाठ होत नसते. पण डॉक्टरांनी सांगितलेली हकिकत मी घरी येऊन शोधून शोधून वाचली. युरोपात डॅन्यूब नदीला मिळणाऱ्या उपनद्यांच्या काठी, बोस्निया, क्रोएशिया, सर्बिया, बल्गेरिया, रोमानिया या भागांत, काही गावांत माणसांची मूत्रपिंडं निकामी होत आणि पुढे नेमक्या याच नळीत, याच अस्तरात गाठी होत. १९५० च्या दशकात डॉक्टरांनी त्याची नोंद घेतली, पण कारण सापडेना. एका घरात चार माणसं आजारी, शेजारच्या घरात कुणी नाही. पाण्यावर संशय आला, मातीवर आला. अखेर २००७ च्या सुमारास पुरावा समोर आला की गव्हाच्या शेतात ॲरिस्टोलोकिया नावाचं तण उगवायचं, त्याचं बी गव्हाबरोबर दळलं जायचं आणि घरच्या भाकरीतून वर्षानुवर्षं पोटात जायचं. बेल्जियममध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वजन कमी करण्याच्या गोळ्यांत त्याच कुळातली वनस्पती चुकून मिसळली आणि कितीतरी बायकांची मूत्रपिंडं गेली, त्यांच्यातल्या काहींना पुढे अशाच गाठी झाल्या. त्या वनस्पतीची भारतातली बहीण म्हणजे ईश्वरी, आपली सापसंद. साप चावल्यावर देतात ती. म्हणजे परकी गोष्ट वाचता वाचता आपल्याच बांधावर येऊन थांबले. गहू निवडणारी आमची वहिनी मला एकदम महत्त्वाची बाई वाटायला लागली.

दुर्बीण टाकून तुकडा काढला, तपासला. कॅन्सरच, पण सौम्य जातीचा. आणि मग ज्या जागेनं आम्हाला घाबरवलं होतं तीच जागा उपयोगी पडली. गाठ वर असती, मूत्रपिंडाच्या पोकळीत आणि मोठी असती, तर नेहमीचा उपाय म्हणजे मूत्रपिंड, सबंध नळी आणि मूत्राशयाचा नळीच्या तोंडाजवळचा घास, सगळं एकदम काढायचं. नानांना मधुमेह, क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला आकडा) आधीच काठावर, एक मूत्रपिंड गेलं असतं तर पुढचं अवघड होतं. गाठ अगदी खाली असल्यानं तेवढा तुकडा कापून वरची नळी पुन्हा मूत्राशयाला जोडता येणार होती. जिजीनं विचारलं, “नळी पुरेल का?” विहिरीला मोटर बसवणाऱ्या माणसाला विचारावा तसा प्रश्न. डॉक्टर म्हणाले, नाही पुरली तर मूत्राशय थोडं वर ओढून घेऊ. तिला ते लगेच पटलं.

ऑपरेशनचं मी काही सांगणार नाही, आम्ही बाहेर बाकड्यावर होतो आणि बाकड्यांबद्दल सगळ्यांना माहीत असतं. त्यानंतरचे दिवस मात्र लक्षात राहिले. नानांच्या खाटेला लघवीची पिशवी टांगलेली होती, पारदर्शक, आकडे छापलेली. पहिल्या दिवशी तिच्यात डाळिंबाच्या रसासारखं गडद, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग चहाचं पाणी, मग गवती पिवळं. नर्स दर पाळीला येऊन वहीत लिहायची, किती आणि कुठला रंग. भेटायला येणारा प्रत्येक माणूस नानांकडे बघायच्या आधी पिशवीकडे बघायचा. सोयरे, चुलतसोयरे, गावचे सरपंच, सोसायटीचे चेअरमन. सुनेनं पिशवी रिकामी केली, गोट्यानं केली, एकदा मी केली, कोमट होती हाताला. जो रंग लपवायला या माणसानं बादलीभर पाणी ओतलं होतं, त्याची आता वॉर्डभर चर्चा चालली होती, आणि नाना स्वतः मान वाकडी करून विचारत होते, “आज रंग कसा शे?”

मूत्राशयात औषधाचा एक डोस देऊन घरी सोडलं, आणि सोडताना सांगितलं की सुरुवातीला दर तीन महिन्यांनी दुर्बिणीनं मूत्राशय बघावं लागेल, मधून मधून सीटी, आणि हे वर्षानुवर्षं चालेल. नानांना हे अजिबात आवडलं नाही. गाठ नळीत होती, ती काढली, मग मूत्राशय का बघायचं? पण अशा रुग्णांपैकी २२ ते ४७ टक्क्यांना पुढे मूत्राशयात गाठ होते, वरून सुटलेल्या पेशी तिथं धरतात म्हणून. दुसऱ्या बाजूच्या नळीत होण्याचं प्रमाण त्या मानानं फारच कमी. मी आकडे सांगितले तर नाना म्हणाले, म्हणजे कपाशीसारखंच, बोंडअळी यायची तर येणार, आपण फक्त बघत राहायचं. बिडी सुटली आहे असं ते सांगतात. सदऱ्याला वास येतो असं जिजी सांगते. मी दोघांवरही विश्वास ठेवते, काय करणार.

पुढच्या वर्षी कानबाईच्या, आमच्याकडच्या देवीच्या सणाच्या, वेळी मी गेले होते. रोटांचा गहू दळून आला होता, देवीचा मखर बांधायचा होता, अंगणात फुगड्या. नाना ओट्यावर एकटे होते, तेव्हा मी त्यांना विचारून टाकलं, त्या दिवशी बोलला का नाहीत. त्यांना कुठला दिवस ते सांगावं लागलं नाही. म्हणाले, पोराला पहिला फटका बसला तेव्हाच बोलणार होतो. पण समोर सून बसली होती. तिच्यापुढे काय सांगायचं, की माझी लघवी आहे म्हणून? एवढंच. मी इतके दिवस त्या गप्प बसण्यात भीती शोधत होते, मरणाची जाणीव वगैरे शोधत होते, आणि तिथं नुसती लाज होती. सासरा सुनेसमोर खाकरल्याशिवाय दारात येत नाही त्या घरातली लाज. ती मला कळते. माझ्या वर्गातल्या पोरी पाळी आली की पोट दुखतंय म्हणतात, मीही म्हणते. तरीही राग आलाच थोडा. गोट्याच्या पाठीवर दोन फटके, आणि वर तीन-चार महिने हातचे गेले, ते एका शब्दासाठी. गोट्या मात्र काही मनात धरून नाही. तोच आता नानांना मोटारसायकलवर धुळ्याच्या स्टँडपर्यंत आणतो आणि पुढे नाशिकला एसटीत सोबत जातो, मोबाइलवर बोलत.

लाज गेली मात्र ती साफ गेली. आता नाना लग्नात, दशक्रियेला, सोसायटीच्या मीटिंगला, जिथं चार म्हातारे भेटतील तिथं सरळ विचारतात की लघवीचा रंग कसा, बघता का कधी, रानात बघू नका, पांढऱ्या भांड्यात बघा. पंगतीत शेवभाजी वाढत असताना हे चालतं. वहिनीला मेल्याहून मेल्यासारखं होतं. मला अभिमानही वाटतो आणि त्यांनी निदान रस्सा वाढून होईपर्यंत थांबावं असंही वाटतं. गेल्या महिन्यात शेजारच्या गल्लीतल्या एका बाबांना त्यांनी गाठलं. त्या बाबांना लाल दिसली होती, दुखत नव्हतं, आणि तेही गप्पच होते. नानांनी त्यांना सोडलं नाही. स्वतः सोबत गेले, सोनोग्राफीच्या वेळी दाराशी उभे राहिले, रिपोर्ट हातात घेऊन गोट्याकडून वाचून घेतला. प्रोस्टेट वाढलेली निघाली, बाकी सगळं स्वच्छ. तपासण्या अजून थोड्या राहिल्या आहेत पण डॉक्टरांना काळजी वाटत नाही. घरी येऊन नानांनी हे सांगितलं तेव्हा आम्ही सगळे म्हणालो, चला, बरं झालं. नानाही म्हणाले, बरं झालं. पण जेवताना ते जरा गप्पच होते, आणि थोड्या वेळानं म्हणाले की त्या सोनोग्राफीवाल्याला नळीचा खालचा भाग नीट दिसला होता का, ते आपण विचारायला हवं होतं.